फोटोखाली शर्तिया इलाज

ज्या वर्षी घरात माझ्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात झाली, त्याच वर्षी आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाला वेबसाइट काढायची हौस आली. त्याआधी मंडळाची जाडजूड परिचय पुस्तिका निघायची. मुलामुलींचे फोटो, खाली शिक्षण, उंची, मामेकूळ, आणि मागच्या पानांवर जाहिराती. त्या कोणाच्या, तर भंडाऱ्याच्या साडीवाल्याच्या, पवनीच्या बँडवाल्याच्या, एखाद्या मंडप डेकोरेशनच्या. लग्नाच्या पुस्तिकेत लग्नाच्याच जाहिराती. बँडवाल्याने वाईट वाजवलं तर त्याच्या घरी जाऊन भांडताही यायचं.

वेबसाइटच्या उद्घाटनाला मंडळाचे अध्यक्ष म्हणाले की आता आपला समाज जगाशी जोडला गेला. ते निवृत्त अधिकारी होते, आणि निवृत्तीनंतरही त्यांना रोज कशाचं तरी उद्घाटन लागायचं. जगाने त्यांना लगेच उत्तर दिलं. पहिल्याच आठवड्यात साइटवर पत्त्यांचा जुगार आला, टकलावर केस उगवणारं तेल आलं, दहा मिनिटांत मिळणारं कर्ज आलं आणि मूळव्याधही आली. मुलींच्या फोटोंच्या मधोमध, खाली, बाजूला, जिथे जागा सापडेल तिथे.

मी तेव्हा पवनीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवत होते. अड्याळहून रोज बसने जायचे. बाबांनी माझा बायोडाटा साइटवर टाकून घेतला आणि संध्याकाळी अंगणात खाट टाकून, चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. बाबा लग्नपत्रिकाही छापखान्याच्या नावापर्यंत वाचतात.

"हे टकल्याचं काय हाय इथं?" त्यांनी विचारलं. "हे आपण टाकलं काय?"

"जाहिरात आहे बाबा. ती आपली नाही."

"आपली नाही तं आपल्या पानावर काहून हाय?"

आईने वाकून पाहिलं. तिला टकल्याचं काही वाटलं नाही. तिला माझ्या फोटोशेजारची बाई खटकली. वजन कमी करायच्या औषधाची जाहिरात होती ती. एकाच बाईचे दोन फोटो, एकात जाडी, एकात बारीक, आणि बाजूला मी. "पाहणाऱ्याले वाटन तुहेच तीन फोटो हायेत," आई म्हणाली.

मी अध्यक्षांना फोन केला. ते फार गोड बोलले. माझ्यासारख्या शिकलेल्या मुलींचा समाजाला अभिमान आहे वगैरे झालं. मग म्हणाले, "बेटा, त्या जाहिरातींचा आणि आपल्या साइटचा काहीच संबंध नाही. लोकांना समजतं ते."

"माझ्या बाबांना नाही समजलं."

"समजेल हळूहळू. साइट चालवायची म्हणजे जाहिराती लागतातच."

"काही संबंध नाही" हे त्यांना स्वतःच्या बचावाचं वाक्य वाटत होतं. मला तो त्यांचा गुन्हा वाटत होता. संबंध नाही तर ठेवता कशाला? आपल्या घराच्या भिंतीवर कोणीही येऊन काहीही चिकटवलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं, तर आपण "त्याचा आमच्या घराशी संबंध नाही" म्हणून आत जाऊन झोपतो का? पण अध्यक्षांच्या घराची भिंत स्वच्छ होती. रंगवायला घेतली होती ती आमची.

त्याच साइटवरून सानगडीकडचं एक स्थळ आलं. मुलगा साकोलीला बँकेत होता. ते तिघं पाहायला आले: मुलगा, त्याचे वडील आणि त्याचा मामा. वडील गरीब स्वभावाचे, सुपारी कातरत बसलेले. बोलणं सगळं मामाचं. त्याने माझा पगार विचारला, स्वयंपाक विचारला, चष्मा कधी लागला ते विचारलं. मुलाने एकच गोष्ट विचारली. "शाळेत पोरांना कॉम्प्युटरला हात लावू देतात, की नुसता दाखवतात?"

मला हसू आलं, कारण आमच्या शाळेत तो खरंच कापडाखाली झाकून ठेवलेला असायचा आणि मला दर वेळी मुख्याध्यापकांशी भांडून ते कापड काढावं लागायचं. मी तसं सांगितलं. तोही हसला. मुलगा मला आवडला, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढचं सगळं रागापोटी केलं असं कोणाला वाटायला नको.

दोन दिवसांत त्यांच्याकडून पसंती आली. आईने लगेच शेजारीपाजारी सांगून टाकलं. आणि त्यानंतर तिकडून एकदम सगळं गप्प झालं. बाबांनी फोन केला की मुलाचे वडील "पाहू, पाहू" म्हणून ठेवून द्यायचे. शेवटी सोयरीक जुळवणारे मध्यस्थ घरी आले. बाबांच्या ओळखीचेच होते. चहा हातात घेऊन, आल्या कामाचं सोडून, धानाच्या भावाचं बोलत बसले.

"बोला ना जी," बाबा म्हणाले.

"आता कसं सांगू? पोरीले कोड हाय असं त्याईच्या कानावर आलं."

आई दारातच थांबली. बाबांचा आवाज चढला. "कोणी सांगतलं?"

"कोणी सांगाले कायले पायजे? तुमीच लिहून टाकलं म्हणते साइटवर. इलाज चालू हाय असं."

बाबांना काही कळेना. मला अंदाज आला. पण मध्यस्थांचं अजून संपलं नव्हतं. "मामाजीनं निरोप देला हाय. त्याईच्या घरच्या दोन बाया येतीन, पोरीले आत नेऊन पाहून घेतीन. साफ असन तं मंग काही हरकत नाही म्हणते."

"पाहून घेतील म्हणजे काय?" मी विचारलं.

मध्यस्थ कप खाली ठेवून उठले.

ते गेल्यावर मला वाटलं होतं की आई शिव्या देईल. ती म्हणाली, "येऊ दे ना बाई. आपल्यात खोट नाही तं भेवाचं काय काम?"

"मी काय धानाचं पोतं आहे का आई? सळई खुपसून मूठभर दाणे काढून पाहतील, आणि बरे निघाले तर नेतील?"

आई रडायला लागली. तिचं रडणं मला समजत होतं, तरी त्या क्षणी मला तिचीही चीड आली. कोड म्हणजे काय, तर कातडीचा रंग जातो. ते लागत नाही, दुखत नाही. कोड असलेल्या बाईला बांधीत धानाचा रोवणा करता येतो, पोरं शिकवता येतात, बँकेत नोकरी करता येते. ते मला असतं तरी मी याच घरात, याच खाटेवर बसले असते. पण त्यासाठी मुलीला आत नेऊन पाहायचं, आणि त्यातली सगळ्यात मोठी काळजी काय, तर खोट निघू नये!

"आपणच त्यांच्याकडे जाऊ," मी बाबांना म्हणाले. "त्यांनी काय वाचलं ते त्यांच्याच फोनवर पाहू."

"पोरीनं आपल्या पायानं त्याईच्या घरी जाणं बरं दिसन काय?"

"आणि त्यांच्या बायांनी मला उघडं करून पाहणं बरं दिसेल?"

बाबा उठले. रविवारी सकाळी त्यांनी मोटारसायकल काढली.

ऊन चांगलंच तापलं होतं. मुलाच्या घरी पुढच्या खोलीत कूलर चालू होता. त्या आवाजात मामाला आणखी मोठ्याने बोलायला निमित्त मिळालं. मला पाहून तो आधी गडबडला, मग त्याला बहुतेक मजा वाटली. मुलगा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. त्याने आमच्याकडे पाहून मान हलवली, एवढंच.

"आमी काही मनानं सांगून नाही रायलो," मामा म्हणाला. "तुमचंच लिहेल हाय. दाखव रे तो फोन." मुलाच्या वडिलांनी फोन पुढे केला. "घरचाच हाय," ते उगीचच म्हणाले. "सारेच पाहते याच्यावर. पोराजवळ तं त्याचा आपलावाला हाय, बाकी आमी, पोट्टी, तिची माय, याच्यावरच."

मामाने माझं पान उघडलं. वर माझा फोटो. मग उंची, शिक्षण, रास, बाबांचा फोन नंबर. आणि त्याखाली, मधे एक रेघसुद्धा नाही, त्याच अक्षरांत त्याच रंगात लिहिलेलं. मामाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. "पांढऱ्या डागांमुळे लग्न अडलं आहे? चिंता सोडा. घरबसल्या शर्तिया इलाज. वाचलं? लग्न अडलं हाय म्हणते. कोणाचं अडलं हाय? ज्याचा फोटो वर हाय, त्याचंच ना?"

खरं सांगायचं तर त्याच्या वाचण्यात चूक नव्हती. मुलीचा फोटो, खाली लग्न, खाली डाग. कोणत्याही सरळ माणसाने हेच वाचलं असतं. ज्याने ते असं मांडून ठेवलं तो भंडाऱ्यात बसून समाजाला जगाशी जोडत होता.

मी बाबांच्या फोनवर तेच पान उघडून दिलं. तिथे धानावरच्या तुडतुड्याचं औषध होतं. माझ्या फोनवर उघडलं, तर चपला. आदल्याच दिवशी मी चपला पाहिल्या होत्या.

"मंग तुमी मिटवलं असन तुमच्याकडून," मामा म्हणाला.

हे जाहिरातींचं गौडबंगाल मी शाळेत सातवीच्या पोरांना शिकवत होते. पान एकच असतं. जाहिराती पानात नसतात, त्या पाहणाऱ्याच्या फोनमागे लागलेल्या असतात. बाबांनी कीडनाशक शोधलं, म्हणून बाबांना कीडनाशक. मी चपला शोधल्या, म्हणून मला चपला. मग या घरच्या फोनवर पांढरे डाग का? तोंड उघडून हे सांगणारच होते, तेवढ्यात आतून मुलाची लहान बहीण पाणी घेऊन आली.

अठरा-एकोणीसची असेल. त्या उन्हात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घातला होता, ओढणी गळ्याभोवती घट्ट, आणि ट्रे धरलेल्या हातावर ओढणीचं टोक ओढलेलं. मामाने आपलं वाचन आणखी एकदा केलं, "डागांमुळे लग्न अडलं आहे," आणि ट्रेमधले पेले एकमेकांवर वाजले. मुलाने बहिणीकडे पाहिलं, लगेच माझ्याकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली.

त्याला माहीत होतं. बँकेतला शिकलेला मुलगा, त्याला जाहिराती कशा येतात ते माहीत होतं, आपल्या घरात कोण काय शोधतं तेही माहीत होतं. पसंती कळवल्यापासून आजपर्यंत तो एका वाक्यात हे मिटवू शकला असता. "मामा, ही साइटवरची जाहिरात आहे, कोणाच्याही पानावर येते." बहिणीचं नाव घ्यायची गरज नव्हती. पण मामाने पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्यापेक्षा संशय माझ्या अंगावर राहिलेला त्याला परवडत होता. बाया पाठवायचं ठरलं तेव्हाही तो याच खुर्चीवर असाच बसला असणार. ज्याच्यासोबत मी हसले होते तो हा.

"ही जाहिरात आहे," मी म्हणाले. "तिचा माझ्याशी काही संबंध नाही. विश्वास नसेल तर अध्यक्षांना फोन लावा."

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरीच्या बोलण्याला काय किंमत. अध्यक्षांचं नाव निघाल्यावर मात्र तो सरसावून बसला. मी माझ्याच फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला. अध्यक्ष त्याच गोड आवाजात म्हणाले, "नाही नाही, मुलीचा काही संबंध नाही. जाहिराती आपोआप येतात."

"असं काय," मामा म्हणाला. मोठ्या माणसाने सांगितलं, म्हणजे खरं असणार. मग त्याला पुढचं सुचलं. "पण साहेब, मंग आमच्याच फोनवर हे काहून येऊन रायलं?"

"त्याचं असं आहे," अध्यक्ष खुलले, "आमच्या साइटवाल्या मुलाने मला समजावून सांगितलं. ज्याच्या घरी जे शोधलं जातं ना..."

मी फोन कापला.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"रेंज गेली."

ट्रे घेतलेली मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी तिच्या हातून पाणी घेतलं आणि सगळं पिऊन टाकलं.

"जाऊ द्या," मामा हात झटकत म्हणाला. "साहेबानं सांगतलं म्हणजे झालं. आता बाया पाठवाचं काम नाही." हे त्याने अशा थाटात सांगितलं, जणू बारशाला तोळाभर सोनं काढून देतोय. बाबा उठले. एरवी ते चहा घेतल्याशिवाय कोणाच्या घरून निघत नाहीत. त्या दिवशी निघाले.

वाटेत एका टपरीवर आम्ही थांबलो. बाबा म्हणाले, "आता तं झालं ना बाई सारं सुरळीत?"

"मी नाही करत हे लग्न."

"काहून? आता तं ते हो म्हणून रायले."

"त्या मुलाला सगळं समजत होतं बाबा. तो गप्प बसला."

बाबांनी बशीत चहा ओतला, प्यायले, बशी ठेवली. "अध्यक्षाचा फोन तूच काटला ना?"

"हो."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.

आम्ही नकार कळवला. त्यावर मामाने जे करायचं तेच केलं. "खोट असन म्हणूनच मागं हटले," असं तो चार गावांत सांगत फिरला. त्यामुळे पुढची काही स्थळं आलीच नाहीत. असल्या स्थळांनी न येऊन माझ्यावर उपकारच केले, पण आईला ते पटायला वेळ लागला.

माझं नाव साइटवरून काढायला मी स्वतः भंडाऱ्याला गेले. अध्यक्षांनी खुर्ची दिली, झाला प्रकार ऐकून "अरेरे" म्हणाले आणि मग मलाच समजावू लागले. "जाहिराती बंद केल्या तर साइट बंद पडेल."

"पडू द्या."

"समाजाचं नुकसान होईल."

"मी समाजात नाही का?"

"तसं नाही बेटा. मग तूच सांग, कोणत्या जाहिराती घ्यायच्या?"

"बँडवाल्याच्या. मंडपवाल्याच्या. ज्याला तुम्ही ओळखता, ज्याची जाहिरात छापण्याआधी तुम्ही वाचाल, त्याच्या."

ते मनापासून हसले. त्यासाठी दहा दुकानं फिरावी लागतात, माणसं शोधावी लागतात. आपोआप येणाऱ्या जाहिरातींना काही करावं लागत नाही. न वाचताच त्या लावता येतात, आणि काही झालं तर संबंधही नसतो. असा सोपा धंदा हा माणूस का सोडेल? निघताना त्यांनी माझं नाव काढल्याचं सांगितलं. पण साइटवर नाव काढायची सोयच नव्हती. होती ती फक्त "विवाह जुळला" अशी एक खूण. त्यांनी तीच लावली. महिनाभर लोक फोन करून माझं अभिनंदन करत होते.

माझं लग्न पुढे झालं, ते आईच्या एका मैत्रिणीच्या ओळखीतून. अध्यक्ष अजून अध्यक्ष आहेत आणि साइटही चालू आहे. मध्ये एकदा मी ती उघडून पाहिली. एका गोड चेहऱ्याच्या मुलीच्या फोटोवर अर्धं पान झाकून कोणीतरी जुगारात जिंकलेला पैसा उधळत होता, आणि ते बंद करायची फुली इतकी बारीक होती की बोटाखाली येईना. मला आता असं वाटतं की संबंध नसलेली जाहिरात ही घाण आहे, आणि फार जवळचा संबंध असलेली जाहिरात ही चुगली आहे. दोन्ही लावणारा मात्र एकच, आणि तो कोणालाही ओळखत नाही.

त्या नकारानंतर काही आठवड्यांनी बाबांच्या फोनवर एक फोन आला. मुलीचा आवाज होता, बाबांनी तो माझ्याकडे दिला. तिने नंबर माझ्या जुन्या पानावरून घेतला होता.

"ताई, तुमाले त्या दिवशी समजलं होतं ना?"

"हो."

"मंग तुमी सांगतलं काहून नाही?"

"मी कशाला सांगू? ते तुझं आहे."

मग ती एकदम बोलतच सुटली. डाग हातावर आणि मानेवर होते, दोन वर्षांपासून. आईला आणि भावाला माहीत होतं. वडिलांपासून आणि मामापासून लपवलेलं. तिच्याजवळ स्वतःचा फोन नव्हता, म्हणून दुपारी वडील झोपले की ती त्यांच्या फोनवर शोधायची आणि शोधलेलं पुसून टाकायची. पण जाहिराती पुसल्या जात नव्हत्या. "बाबा हवामान पाहाले घेते तं पयले तेच येते. माय त्याईच्यासमोर भजन लावते तं तेच. मी सैपाकघरातून धावत येऊन मिटवत होती ताई. भांडे तसेच टाकून. त्याईले वाटे, पोरगी मोठी कामाची हाय."

"काही औषध घेतलंस?"

"एक तेल मागवलं होतं. त्यानं चामडी जळली."

मी तिला एका मंगळवारी भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात बोलावलं. ती मैत्रिणीकडे जाते सांगून साकोलीहून बसने आली. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा हात उलटसुलट करून पाहिला, भाजलेल्या जागेवर थांबल्या, आणि तेल विकणाऱ्याला उद्देशून एक अस्सल नागपुरी शिवी दिली. मग शांतपणे सांगितलं की हे लागत नाही, याने काही बिघडत नाही, औषधाने फरक पडतो आणि कधी कधी पडत नाही, आणि तुला शिकायचं असेल तर शीक.

बाहेर फाटकाशी आम्ही उसाचा रस घ्यायला थांबलो. तिने पेला धरताना आधी सवयीने ओढणी हातावर ओढली. मग उकाडा फारच होता म्हणून असेल, तिने ती काढून खांद्यावर टाकली आणि रसवाल्याला बर्फ जास्त घालायला सांगितलं.